रत्नागिरीतल्या आंबा कलमवाल्यांनो, पालवीला फवारताय तर खोड पण भिजवा

पाऊस परतला असं हवामान खात्याने जाहीर केलं तरी किनाऱ्यावरून तो लगेच जात नाही, हे इथे कुणाला सांगायला नको. दुपारी ३४-३५ डिग्री, अंगाला चिकचिक, चार वाजले की सह्याद्रीच्या बाजूने काळं भरून येतं आणि दिवेलागणीला गडगडाट. पहाटे मतलई वारा सुटतो तेवढंच बरं वाटतं. ही दमट उबदार हवा आपल्याला नकोशी होते पण तुडतुड्याला, म्हणजे मोहोराचा रस शोषणाऱ्या बारक्या किडीला, अगदी मानवते, त्यात जमिनीत ओल शिल्लक असल्यामुळे मोहोराऐवजी कलमांना परत पालवी फुटते आणि त्या कोवळ्या पालवीवर तो अंडी घालतो.

फवारणी न करणारे आता फार कमी राहिलेत. फवारणी करूनही मोहोर काळा पडतो ते कशामुळे, तर खोड कोरडं राहतं म्हणून. बागेत जाऊन बघा, पंपवाला खाली उभा राहून गन सरळ शेंड्याकडे धरतो, वर पानं चमकली की पुढच्या झाडाला, आणि खोड आणि जाड फांद्या तशाच. पण मोहोर-पालवी नसते तेव्हा तुडतुडे राहतात कुठे? सालीच्या भेगांत. तुडतुड्यांची एक जात तर जास्त करून खोडावर आणि फांद्यांवरच असते. शेंडे भिजवून खोड सोडणं म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं दार उघडं टाकणं. थंडी पडून बोंगे (मोहोराचे कोंब) फुटायला लागले की हेच खोडावरचे वर चढतात, मग खार (त्यांचा चिकट स्राव) पडतो, त्यावर काळी बुरशी म्हणजे काजळी धरते आणि माणूस दुकानात धावतो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची पालवीवरची पहिली फवारणी साधी आहे: डेल्टामेथ्रीन २.८ टक्के, १० लिटर पाण्याला ९ मिली. २०० लिटरच्या ड्रमला १८० मिली झालं, बास. पालवी तांबूस कोवळी असतानाच करायची, हिरवी टणक झाल्यावर मारून पैसे घालवू नका. खोड, फांद्यांचे बेचके, आतली सावलीतली बाजू आधी भिजवा आणि मग गन वर न्या, उलट केलंत तर ड्रम संपतो आणि खोड राहतंच.

तुडतुडे आहेत की नाही हे बघायला सकाळी दव असताना जा आणि खोडावर हाताने थापटा, तडतड उडून तोंडावर येतात. माझा अंदाज असा की दाटीच्या बागेत खोडाच्या उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या बाजूला ते जास्त सापडतात. हे कुठे छापलेलं नाही, पण मी तरी थापटायला तिथूनच सुरुवात करतो.

आता दुकानाचं. "हे नवीन आलंय, कीड बुरशी टॉनिक सगळं एकात" असं म्हणून तीन बाटल्या हातात ठेवतात आणि आपण घेतो, कारण उधारी तिथेच असते. पालवीला टॉनिकची काही गरज नाही, उलट आता नवीन पालवी जेवढी कमी तेवढं चांगलं, कारण ही पालवी जून व्हायला अडीच-तीन महिने जातात आणि तेवढा मोहोर मागे पडतो. पाऊस लांबलाय म्हणून आता कल्टार (मोहोर लवकर आणायचं औषध) घाला असं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. त्याची वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली, दिवाळीला घालून यंदाच्या मोहोराला उपयोग नाही. आणि डेल्टामेथ्रीनने तुडतुडे कमी दिसले म्हणून तेच औषध परत परत मारू नका, त्याने मित्रकिडे मरतात आणि फुलकिडे डोकं वर काढतात. बोंगे फुटताना लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के, १० लिटरला ६ मिली. त्यापुढच्या फवारण्यांना औषधाचा गट बदलायचा, आणि खोड तेव्हाही भिजवायचं.

हवा बघूनच पंप काढा. सकाळी दहाच्या आत उरका, नंतर समुद्राचा वारा सुटला की मिऱ्या-भाट्ये पट्ट्यात अर्धं औषध शेजाऱ्याच्या बागेत जातं. फवारल्यावर तीन-चार तासांत सर आली तर काम फुकट, म्हणून संध्याकाळच्या फवारणीच्या नादाला लागू नका. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत अॅपवर बघा, विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी अॅप ठेवा. कातळावरच्या बागेत गडगडायला लागलं की झाडाखाली थांबायचं नाही, पंप तिथेच टाकून निघा. आणि नोव्हेंबर लागला म्हणून निर्धास्त होऊ नका, फयान वादळ ११ नोव्हेंबरला आलं होतं, २००९ साली. २०१९ ला तर दिवाळीतच क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा. समुद्रात कमी दाबाची बातमी असेल तर फवारणी पुढे ढकला, नाहीतर औषध धुऊन जाईल, खोडावरचंही.

बाकीची कामं:
- बांडगूळ फांदीसकट कापा, कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर)
- शेंडा पोखरणाऱ्या अळीचे सुकलेले शेंडे कापून जाळा
- मिजमाशीच्या गाठी असलेली पालवी पण कापून जाळा
- बुंध्याजवळचं गवत काढा
- मोठ्या कलमांना पाणी नको, १-३ वर्षांच्या रोपांना द्या, सावली करा
- भात कापलं की उचला, शेतात पसरून ठेवू नका
- कुळीथ, वाल, पावटा ओलीवर पेरून घ्या
- काजूच्या पालवीवर ढेकण्या (रस शोषणारी कीड) आहे का बघा

ड्रम पऱ्यात (ओढ्यात) धुवू नका, डेल्टामेथ्रीनने मासे मरतात. फवारणाऱ्या पोरांना मास्क आणि हातमोजे द्या, नुसता रुमाल पुरत नाही.

आणि मजुरीचं आधीच बोला. पंपवाला झाडामागे किंवा ड्रममागे रेट लावतो, झाडामागे असला तर त्याला घाई असते आणि पहिलं सुटतं ते खोड. खोड आणि फांद्या धरून किती, असं विचारा, थोडे जास्त मागेल ते द्या, आणि पहिल्या पाच-सहा झाडांना स्वतः बाजूला उभे राहा. झाड झालं की खोडाला हात लावून बघा, ओला झाला नाही तर परत मारायला लावा.