परसातला स्वीटकॉर्न: वईच्या कडेने एकच रांग लावू नका

पाऊस सरून परसातली माती वापशावर आली, म्हणजे ना चिखल ना कोरडी झाली, की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत भाजीचे वाफे सुरू होतात. यंदा त्यात स्वीटकॉर्न घालणार असाल तर दिवाळी ते तुळशीचे लग्न एवढ्या दिवसांत बी टोका. याचे बी सुरकुतलेले, कमी ताकदीचे असते. चिखलात ते उगवण्याआधीच कुजते.

जागा निवडताना मात्र वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, कडेने एक लांब रांग धरू नका. पहिल्या वर्षी मी तेच केले. ताटे माणसाच्या उंचीची झाली, पण कणसे सोलली तर अर्धी बोडकी. मक्याचे परागीकरण वाऱ्यावर होते. शेंड्यावरच्या तुऱ्यातले पराग कणसाच्या केसांवर पडावे लागतात. एका केसामागे एक दाणा असतो. केस कोरडा राहिला की तो दाणा भरतच नाही. एका रांगेचे पराग वारा भलतीकडे नेतो. म्हणून तेवढीच झाडे चौकोनी वाफ्यात घाला. ३ मीटर बाय २ मीटर जागेत ६० सेंटिमीटरवर ५ ओळी आणि ओळीत २५ सेंटिमीटरवर ८ झाडे सहज बसतात. सगळे बी एकाच दिवशी टोका, म्हणजे तुरे आणि केस एकत्र येतील. केस बाहेर पडले की चार-पाच दिवस सकाळी, दव सुकल्यावर, तुरे हलकेच हलवा. शेजारच्याने साधा मका लावला असेल तर तुमची पेरणी तीन आठवडे पुढे-मागे करा. त्याचे पराग आले तर याच कणसातले दाणे पिठूळ होतात.

आपली जांभ्याची माती आंबट आणि भुकेली. एवढ्या वाफ्याला २० किलो कुजलेले शेणखत लागतेच. बी ३ सेंटिमीटर खोल, एका जागी दोन टाका आणि नंतर जोमदार रोप ठेवा. औषध लावलेले रंगीत बी मुलांपासून आणि कोंबड्यांपासून दूर ठेवा. रोपे गुडघ्याएवढी झाली की थोडे खत देऊन मातीची भर लावा. तुरा ते दाणे भरेपर्यंत पाण्याचा ताण अजिबात नको.

पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुश्यासारखी विष्ठा दिसली की अमेरिकन लष्करी अळी आली समजा. ही कीड भारतात २०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळली. परसात जहाल औषध नकोच. रोज सकाळी पानांवरचे अंडीपुंज चिरडा, अळ्या वेचा, संध्याकाळी निंबोळी अर्क पोंग्यात जाईल असा फवारा. हे पहिल्या महिन्यातच करायचे. अळी मोठी झाली की आत बसते आणि हाती लागत नाही.

केस आल्यापासून साधारण २० दिवसांनी ते तपकिरी होऊन वाळतात. तेव्हा दाण्यात नख रुतवून पाहा. पाणी निघाले तर थांबा, दूध निघाले तर काढा. त्या आठवड्यात पोपट आणि माकडे तुमच्याआधी पोचतात, तेव्हा कणसांवर कापडी पिशव्या बांधा. काढल्यावर गोडी तासागणिक उतरते. सकाळी काढलेले दुपारपर्यंत उकडा. हिरवी ताटे लगेच कापून गाईला घाला.