“अजून थोडं परफेक्ट होऊ दे” : धंदा सुरू करताना या चुका टाळा

नाशिकमध्ये माझं पॅकिंग मटेरियल आणि लेबल छपाईचं दुकान आहे. नवा धंदा काढणारी माणसं रोज येतात. कुणी चिवडा करतं, कुणी मनुके, कुणी साबण, कुणी नाचणीची बिस्किटं. बहुतेकांचा माल चांगला असतो. तरीही त्यातले कितीतरी जण विक्रीपर्यंत पोहोचतच नाहीत. भांडवल कमी पडतं असंही नाही. लोगो फायनल व्हायचा असतो, वेबसाइट व्हायची असते, बॉक्सचा नमुना मनासारखा आलेला नसतो. असा चांगला माल घरातच राहतो याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या विक्रीआधी छापील पाउच

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चकचकीत छापील पाउच बहुतेक वेळा रोटोग्रॅव्हर या सिलिंडरच्या छपाईवर छापतात. त्यात प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सहा रंगांचं डिझाइन म्हणजे सहा सिलिंडर, आणि एखादं अक्षर चुकलं तर त्या रंगाचा सिलिंडर पुन्हा करायचा. त्यासाठी मशीन लावायचं म्हणजे कारखाना थोडकी ऑर्डर घेत नाही, माल हजारोंनी उचलावा लागतो. ज्याचा धंदा बसला आहे त्याला हे परवडतं. ज्याने अजून एक पाकीट विकलेलं नाही त्याने या वाटेला जाऊच नये.

सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे माल तपासणीच्या खात्यात असलेले एक गृहस्थ पत्नीला घेऊन माझ्याकडे यायचे. वहिनींच्या हातची थालीपीठाची भाजणी अशी की डबा उघडला की धण्या-जिऱ्याच्या वासाने दुकान भरून जायचं. माल तयार होता. पण साहेबांचं सगळं आयुष्य रिजेक्शन काढण्यात गेलेलं, नजर तीच. पाउचवरच्या हिरव्या रंगाची छटा ठरेना. शेड कार्ड घेऊन ते दुकानाच्या पायरीवर उन्हात उभे राहायचे, मग आत येऊन ट्यूबलाइटखाली धरायचे, मग मोबाइलच्या स्क्रीनशी ताडून बघायचे. वहिनी बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या. मी म्हटलं, “दादा, आधी पन्नास पाकिटं साध्या पाउचमधून विकून बघा.” ते म्हणाले, “ताई, लोकांसमोर जायचं तर एकदाच, नीट जायचं. पहिलं इम्प्रेशन बिघडलं की संपलं.”

दिवाळी गेली, पाडवा गेला, चातुर्मासही गेला. उपासतापास आणि थालीपिठांचा सगळा हंगाम हातचा गेला. शेवटी पाउच आले. एक किलोचे, सहा रंगांत, किंमत छापूनच. माल दुकानात गेला आणि दुकानदारांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं की भाजणी एक किलो कुणी नेत नाही, पाव किलो द्या. मधल्या काळात डाळी महागल्या होत्या. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि वाढीव किमतीचा स्टिकर त्यावर चिकटवणंही वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या सरकारी नियमांत बसत नाही. म्हणजे प्रत्येक पाकिटामागे तोटा. ते पाउच आजही त्यांच्या माळ्यावर गठ्ठ्यांनी पडून आहेत.

पुढचं वहिनींनी स्वतःच्या हातात घेतलं. माझ्याकडून साधे चंदेरी पाउच आणि एकरंगी स्टिकर नेले आणि सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर पाव किलोची पाकिटं घेऊन उभ्या राहिल्या. फिरायला येणाऱ्या बायका पाकीट उलटसुलट करून विचारायच्या, “यात तिखट-मीठ घातलंय का?” कुणी म्हणायची, “बिनतिखटाची वेगळी ठेवा, घरात लहान मुलं आहेत.” कुणी विचारायची, “एका वाटीला पाणी किती?” वहिनींनी स्टिकर बदलला, दोन प्रकार केले, पाण्याचं प्रमाण छापलं. डिझाइनवर एवढी चर्चा झाली, पण हे तीन प्रश्न कुणालाच सुचले नव्हते. ते गिऱ्हाइकाकडूनच कळायचे होते. आता त्यांची भाजणी नियमाने जाते, आणि पाउच अजून साधाच आहे.

माझा शिरस्ता असा: साधा पाउच, त्यावर स्टिकर. स्टिकरवर कायद्याने लागणारं सगळं हवं. मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं ते, पोषणमूल्यं, शाकाहाराची हिरवी खूण, नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि एफएसएसएआयचा, म्हणजे फूड लायसन्सचा नंबर. यात तडजोड नको. रंग, फॉन्ट, लोगो यांत हवी तेवढी तडजोड करा. अनोळखी माणसं तोच माल, त्याच वजनात पुन्हा मागायला लागली की मग माझ्याकडे छपाईचं बोलायला या. त्याआधी कुणी आलं तर मी परत पाठवते, माझी ऑर्डर गेली तरी चालेल.

भीतीला तयारी म्हणणं

त्या साहेबांना हिरव्या रंगाची काळजी नव्हतीच. एखादी बाई पाकीट हातात घेऊन परत ठेवेल, ओळखीचं कुणी म्हणेल “नोकरी सोडून हे काय काढलंस?”, याची धास्ती होती. रंगाबद्दल बोलता येतं, धास्तीबद्दल बोलता येत नाही, म्हणून बोलणं रंगावर यायचं. माझ्या काउंटरवर हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता पाचवा लोगो घेऊन कुणी आलं की मी लोगो बाजूला ठेवते आणि विचारते, “पहिलं पाकीट कुणाला विकणार, नाव सांगा.” नाव सांगता आलं नाही तर अडचण डिझाइनची नाही.

या बाबतीत मला नेहमी दादासाहेब फाळके आठवतात. जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870 चा. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पूर्ण चित्रपटाला पैसा लागणार होता आणि असलं काही या देशात कुणी केलेलं नव्हतं. त्यांनी आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याला अंकुर फुटून वेल वाढेपर्यंतची छोटीशी फिल्म केली. ती मोजक्या लोकांना दाखवली, त्यावर कर्ज उभं केलं आणि 1913 मध्ये पहिला चित्रपट पडद्यावर आणला. त्याच वर्षी त्यांनी मुक्काम नाशिकला हलवला. एवढ्या जिद्दीच्या माणसाने सुरुवात वाटाण्याच्या फिल्मपासून केली. तुमच्या धंद्यातला वाटाणा कोणता, ते आधी ठरवा.

घरच्यांच्या कौतुकावर भिस्त

मावशी, नणंद, सोसायटीचा ग्रुप, सगळे “छान!” म्हणणार. फुकट दिलेल्या मालाला कुणी नावं ठेवत नाही. पैसे मोजून नेणाऱ्या अनोळखी माणसाचं मत घ्या. तो दुसऱ्यांदा आला की तेच उत्तर.

उलट टोक: आठ दिवसांत बाजारात

परफेक्शनचा नाद सोडा असं म्हटलं की काही जण त्याचा अर्थ हयगय करा असा घेतात. अशा उतावळ्या मंडळींवर मला जास्त राग येतो, कारण रंगात अडकलेला माणूस स्वतःचंच नुकसान करतो, उतावळा गिऱ्हाइकाचंही करतो.

एका तरुणाने चिवडा काढला. कढईतून उतरवला आणि गरम असतानाच पारदर्शक पाउचमध्ये भरून सील केला. आत वाफ धरली, पोहे मऊ पडले. पारदर्शक पाउचमधून उजेड जातो, आणि उजेड-हवा लागली की तळलेल्या पदार्थाचं तेल लवकर खवट होतं. वर “तीन महिन्यांत वापरा” असं छापलं होतं. ते कुठून आलं विचारलं तर म्हणाला, दुसऱ्या एका पाकिटावरून घेतलं. मेन रोडपासून सिडकोपर्यंतच्या दुकानांतून त्याचा माल परत आला. पुढच्या वेळी त्याने चांगला चिवडा केला होता, पण दुकानदार पाकीट हातात घ्यायला तयार नव्हते.

म्हणून काटेकोरपणा कुठे वापरायचा ते ओळखा. एका बॅचची काही पाकिटं बाजूला ठेवा आणि दर आठवड्याला एक फोडून वास, चव, कुरकुरीतपणा वहीत लिहा. जिथे माल उतरायला लागतो त्याच्या बऱ्याच आधीची मुदत छापा. घरच्या या चाचणीने अंदाज येतो. माल वाढला की प्रयोगशाळेतून तपासून घ्या. माल पूर्ण गार झाल्यावरच भरा. सील केलेलं पाउच बादलीतल्या पाण्यात दाबून धरा, बुडबुडे आले तर सील कच्चं आहे, सीलरचं तापमान वाढवा. वजनकाट्यावर वैधमापनाचा शिक्का आहे ना बघा. ही कामं कंटाळवाणी आहेत, लोगोसारखी मजेची नाहीत, म्हणूनच लोक ती टाळतात. तुमच्यातला परफेक्शनिस्ट इथे खुशाल कामाला लावा.

मशीन आल्याशिवाय सुरू करायचं नाही

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीकडची ही चूक. व्हीएमसी, म्हणजे धातूचे भाग कापणारं संगणकावरचं मशीन घेतल्याशिवाय वर्कशॉप काढायचं नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं कोटेशन जमवतात. अंबड-सातपूरमध्ये दुसऱ्याच्या गाळ्यात, दुसऱ्याच्या मशीनवर जॉबवर्क करून घेता येतं. ड्रॉइंग घ्या, दहा पीस बनवून घ्या, पार्टीला दाखवा. गाड्यांच्या कंपन्यासुद्धा नव्या व्हेंडरकडून आधी सॅम्पल मागतात, ते पास झालं की पायलट लॉट, म्हणजे चाचणीपुरता थोडा माल, आणि मग रेग्युलर ऑर्डर. ज्यांना एक खराब पीस चालत नाही त्यांचीच ही पद्धत आहे.

“कुंभमेळ्यातच धमाका करू”

2027 च्या सिंहस्थावर डोळा ठेवून बसलेले बरेच जण भेटतात. गर्दी येणार हे खरं. पण पंचवटीत पाय ठेवायला जागा नसेल, रस्ते बंद असतील, माल पोहोचवायला टेम्पो मिळणार नाही, त्या दिवसांत तुम्ही पहिल्यांदा सीलर चालवायला शिकणार का? शिकायचं ते साध्या मंगळवारी, शांत गल्लीत. सिंहस्थात उतरायचं तर त्याआधी निदान एक दिवाळी विकून झालेली हवी. घटस्थापना, अक्षय्य तृतीया, गुरुपुष्य यांचीही तीच गत. मुहूर्ताला माझा विरोध नाही, जवळचा मुहूर्त धरा एवढंच म्हणणं आहे.

बुडण्याची भीती, पण आकडा नाही

“बुडालो तर?” असं विचारणाऱ्याला मी कागद देते. किती रुपये गेले तर घराचा हप्ता आणि मुलांची फी थांबणार नाही, ते लिहा. तो आकडा तुमचा. तेवढ्यातच पहिली बॅच, पहिले पाउच, पहिलं प्रदर्शन. आकडा संपला तर थांबा, वही चाळा, काय चुकलं ते बघा. आकडा लिहिल्यावर माणूस शांत होतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. सोनं गहाण ठेवून पहिला माल काढू नका. अगदीच लागलं तर छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज 50,000 रुपयांपर्यंत मिळतं, पण तेही पहिली विक्री करून, वही दाखवून मागा.

कागदपत्रांच्या आडोशाला बसणं

फूड लायसन्स आधी लागतंच, ते ऑनलाइन करा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला साधारणपणे 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परराज्यात किंवा मोठ्या ऑनलाइन साइटवर विकायचं असेल तर आधी सीएला विचारा. ट्रेडमार्कचा अर्ज जरूर करा, पण मंजुरी येईपर्यंत थांबायचं कारण नाही. तोवर टीएम लिहिता येतं, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. प्रायव्हेट लिमिटेडचा विचार पन्नास पाकिटांसाठी करू नका.

बाकी काही एका ओळीचं. भाव मनात येईल तो ठेवू नका, गॅस, पाउच आणि स्वतःची मजुरी धरा. पहिल्याच दिवशी सात फ्लेवर काढू नका. इन्स्टाग्रामवर दुसऱ्यांचे फोटो बघून माल बदलू नका. भागीदाराशी पैशाचं बोलणं लेखी ठेवा, सख्खा भाऊ असला तरी.

पहिली तक्रार आली म्हणून बंद

ती येणारच. पाकिटात केस निघेल, वजन कमी भरेल, कुणाला चव आवडणार नाही. परफेक्शनिस्ट माणूस इथे खचतो आणि फोन उचलणं बंद करतो. फोन उचला. “काकू, पाकिटावरचा बॅच नंबर सांगता का?” एवढं विचारा आणि दुसरं पाकीट घरी नेऊन द्या. पैसे परत मागितले तर लगेच द्या. वहीत त्या बॅचपुढे तारीख, कारण, तेल कुठलं होतं, कुणी भरलं होतं, सगळं लिहा. चवीची नुसती नापसंती असेल तर सोडून द्या. वास, बुरशी किंवा सुटलेलं सील अशी तक्रार असेल, तर त्याच बॅचची उरलेली पाकिटं त्याच संध्याकाळपर्यंत दुकानांतून परत आणा.