दीर्घ खंडानंतर ऑनलाइन खेळात परतताना या चुका टाळा

यंदा सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत माझ्या ओळखीतल्या तिघांनी जवळजवळ एकाच आठवड्यात आपापले जुने ऑनलाइन खेळ पुन्हा उघडले. तिघेही पूर्वी रोज रात्री दोन-दोन तास खेळणारे, आणि तिघांचाही खंड तीन वर्षांहून मोठा. महिना उलटायच्या आत त्यांतल्या दोघांनी खेळ पुन्हा बंद केला. ‘आता तो खेळ राहिला नाही,’ असे दोघांचेही म्हणणे पडले. परंतु पहिल्या चार-पाच संध्याकाळी त्यांनी काय काय केले हे विचारून घेतल्यावर माझी खात्री झाली की दोष खेळात नसून परतण्याच्या पद्धतीत होता. जिथे सोडले त्याच जागेवरून, त्याच वेगाने दोघे पुढे निघाले होते. एमएमओ प्रकारच्या खेळांत, म्हणजे जिथे हजारो खेळाडू एकाच जगात आपापले कॅरेक्टर घेऊन वावरतात अशा खेळांत, हे जमत नाही, कारण तीन वर्षांत नियम, वस्तू, लेव्हल आणि माणसे सगळेच बदललेले असते. मी स्वतः दोनदा असा परतलो आहे आणि पुढच्या बहुतेक चुका माझ्या हातून घडून गेल्या आहेत.

अकाउंटची तपासणी शनिवारच्या रात्रीवर ठेवू नका

मित्रांना वेळ देऊन, जेवण उरकून, उत्साहाने लॉगिन करायला बसावे आणि ओटीपी जुन्या मोबाइल नंबरवर जावा, हा प्रसंग फार जणांवर येतो. आपल्याकडे ९० दिवस न वापरलेला नंबर मोबाइल कंपनी बंद करू शकते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. ईमेलचेही तसेच आहे. दोन वर्षे अजिबात न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे, त्यामुळे केवळ खेळासाठी काढलेला आणि नंतर विसरलेला जीमेलचा पत्ता आता अस्तित्वात नसण्याची शक्यता गृहीत धरावी. तिसरी अडचण ऑथेंटिकेटरची, म्हणजे लॉगिनसाठी कोड देणाऱ्या फोनवरील ॲपची. गूगल ऑथेंटिकेटरमधील कोड गूगल खात्यात जपून ठेवण्याची सोय एप्रिल २०२३ मध्ये आली. त्याआधी ते केवळ त्या फोनमध्ये असत, आणि ते दुसरीकडे न हलवता फोन विकला असेल तर कोडही त्याच्याबरोबर गेले.

म्हणून खेळायला बसण्याच्या आठ-दहा दिवस आधी, दिवसाउजेडी, फक्त लॉगिन करून पाहावे. अडले तर कंपनीच्या मदत विभागाला लिहावे आणि त्याआधी खरेदीच्या जुन्या पावत्या, खेळाच्या डब्यातील सिरीयल क्रमांक, पैसे भरल्याचे बँकेचे संदेश, कॅरेक्टरचे नाव आणि सर्व्हर एवढे गोळा करून ठेवावे. अकाउंट तुमचेच आहे हे सिद्ध करण्यासाठी हीच कागदपत्रे उपयोगी पडतात. उत्तर येईपर्यंत घाईने नवे अकाउंट काढू नये. खरेदी केलेले विस्तार (मूळ खेळाला जोडलेले नवे भाग), जुनी पात्रे आणि पदव्या नव्या अकाउंटवर येत नाहीत. पैसे घेऊन अकाउंट सोडवून देतो असे सांगणाऱ्यांच्या हाती पासवर्ड तर मुळीच देऊ नये. दार उघडले की लगेच पासवर्ड, मोबाइल नंबर आणि ईमेल तिन्ही नवे करून घ्यावेत.

पैशांच्या बाबतीत भारतीय खेळाडूला आणखी एक गोष्ट माहीत हवी. रिझर्व्ह बँकेचे दरमहा आपोआप पैसे वळते होण्यासंबंधीचे कडक नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना तुमच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक जपून ठेवण्यास मनाई झाली. त्यापूर्वी खेळाला जोडलेले कार्ड आज चालेल असे धरून चालू नये. आणि चालले तरी पहिल्याच दिवशी सहा महिन्यांची वर्गणी भरू नये. एक महिना पुरे. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये जुन्या खेळाडूंसाठी अधूनमधून काही दिवस मोफत लॉगिन ठेवले जाते, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये वर्गणी संपलेल्या अकाउंटवरही विसाव्या लेव्हलपर्यंत खेळता येते. आधी या वाटेने पाहून घ्यावे. मात्र फायनल फँटसीचा पूर्ण खेळ एकदा विकत घेतलेल्या अकाउंटवर मोफत चाचणीची आवृत्ती पुन्हा मिळत नाही.

मशीनकडे आधी पाहा

आमचे घर साखर पेठेत, शेजारी यंत्रमागाचा कारखाना. तीन वर्षे केवळ बिले आणि पत्रे टाइप करण्यापुरता वापरलेला संगणक मी खेळासाठी सुरू केला तेव्हा दहा मिनिटांत चित्र अडखळू लागले. मी दोन दिवस ग्राफिक्स ड्रायव्हरशी झगडलो. शेवटी बाजूची पत्र्याची झाकणी उघडली तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये, सुताची आणि धुळीची राखाडी चादर बसली होती. बोटाने उचलली तर गादीच्या कापसासारखी एकसंध निघाली. वारा आत शिरतच नव्हता, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करीत होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो, त्या काळात तर हे दुखणे दुप्पट होते. वीज पूर्ण बंद करून, मऊ ब्रशने आणि पंखा बोटाने धरून ठेवत साफ करावे. ड्रायव्हरची चौकशी त्यानंतर.

जागेचाही अंदाज घ्यावा. फायनल फँटसी फोर्टीनसाठी कंपनीच १४० जीबी मोकळी जागा सांगते, आणि २०२४ च्या डॉनट्रेल विस्ताराबरोबर ग्राफिक्स नवे केल्याने ग्राफिक्स कार्डाची किमान अपेक्षाही वाढली आहे. ज्यांच्या घरी अजून विंडोज ७ किंवा ८ आहे त्यांच्यासाठी स्टीमने, म्हणजे संगणकावरचे खेळ विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या मंचाने, १ जानेवारी २०२४ पासूनच मदत थांबवली आहे. वळवाच्या पावसात वीज जाऊन डाउनलोड मध्येच तुटले आणि नंतर खेळ उघडताना बंद पडू लागला, तर सगळे काढून पुन्हा उतरवण्याची गरज सहसा नसते, वॉरक्राफ्टच्या बॅटल.नेट ॲपमध्ये ‘स्कॅन अँड रिपेअर’ आणि स्टीममध्ये फायलींची पडताळणी करण्याचा पर्याय असतो, तो बिघडलेला भागच तेवढा पुन्हा आणतो.

वॉरक्राफ्ट खेळणाऱ्यांनी जुने ॲडऑन (खेळाच्या पडद्यावर भर घालणारे छोटे प्रोग्राम) तसेच ठेवून खेळ सुरू करू नये. पडद्यावर चुकांचे संदेश येत राहणे, नकाशा न उघडणे, बटणे नाहीशी होणे यांचे कारण बहुधा तेच असते. खेळ बंद करून इंटरफेस, डब्ल्यूटीएफ आणि कॅशे या तीन फोल्डरांची नावे बदलावीत. खेळ नवे फोल्डर आपोआप तयार करतो आणि तुमची जुनी मांडणी नाव बदललेल्या फोल्डरात सुरक्षित राहते.

पिशवी रिकामी करण्याची घाई

ही चूक मला सर्वांत जास्त बोचते. परतल्यावर कॅरेक्टरच्या पिशव्या गच्च भरलेल्या दिसतात, वस्तूंची नावे आठवत नाहीत, आणि घर झाडल्याशिवाय काम सुचत नाही तसे सगळे विकून मोकळे व्हावेसे वाटते. मी पहिल्याच संध्याकाळी सत्तरेक वस्तू व्यापाऱ्याला विकल्या. त्यांत एका जुन्या सणाच्या वेळी मिळालेली शिट्टी होती, जिच्यावर पांढरा कोल्हा सवारीला येत असे. चार दिवसांनी कोल्हा आठवला तेव्हा व्यापाऱ्याकडून फक्त शेवटच्या काही वस्तू परत घेता येत होत्या, आणि तो सण खेळात पुन्हा होणार नव्हता.

वस्तू निरुपयोगी दिसते म्हणजे ती निरुपयोगी असते असे नाही, आणि याच्या उलटही घडते. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये डिसेंबर २०२१ च्या एंडवॉकर विस्ताराबरोबर कमरपट्टा हा प्रकारच काढून टाकण्यात आला. पट्टा का घालता येत नाही म्हणून तासभर शोधणारे खेळाडू मी पाहिले आहेत. वॉरक्राफ्टमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये १२० व्या लेव्हलचे कॅरेक्टर ५० व्या लेव्हलवर आणले गेले, सगळे आकडे त्या प्रमाणात लहान झाले, आणि त्यानंतर २०२०, २०२२ व २०२४ च्या विस्तारांनी कमाल मर्यादा ६०, ७० आणि ८० अशी नेली. आपले काही चोरीला गेले असा समज करून तक्रार लिहिण्यापूर्वी हे बदल वाचावेत. टपालपेटीत तीन वर्षांपूर्वीचे काही सापडेल अशी आशा मात्र नको, कारण वॉरक्राफ्टमध्ये टपाल ३० दिवसच राहते.

माझी रीत आता अशी आहे की जुन्या पिशव्या उचलून जशाच्या तशा खेळातल्या बँकेत टाकायच्या, अंगावरचे गिअर (शस्त्रे आणि चिलखत) ठेवायचे आणि एक रिकामी पिशवी घेऊन बाहेर पडायचे. जुने सामान महिनाभर विकायचे नाही, मोडायचे नाही.

बोटांना जुनेच आठवत असते

डोके विसरते, बोटे विसरत नाहीत, आणि त्रास तिथूनच सुरू होतो. तीन नंबरच्या बटणावर ढाल असायची, तिथे आता दुसरेच काही असते. कधी एखादे कौशल्य काढून टाकलेले असते, कधी दोन कौशल्ये एका बटणावर एकत्र केलेली असतात. फायनल फँटसीत लढवय्यांच्या हालचालींना लागणारा टीपी हा शक्तीचा साठा २०१९ च्या शॅडोब्रिंगर्स विस्तारात कायमचा गेला. तो राखून खेळण्याची सवय असलेला खेळाडू विनाकारण थांबत राहतो. अशा स्थितीत थेट डंजनच्या, म्हणजे काही जणांनी मिळून लढायच्या मोहिमेच्या, रांगेत उभे राहणे म्हणजे इतर खेळाडूंचा वेळ घेणे.

मला लागू पडलेला उपाय थोडा कठोर आहे, तरीही तोच सांगतो. हॉटबार, म्हणजे कौशल्यांच्या बटणांची पट्टी, पूर्ण रिकामा करावा. कौशल्यांची यादी उघडून प्रत्येकाचे वर्णन सावकाश वाचावे आणि सुरुवातीला फक्त पाच ठेवावीत: सतत वापरायची तीन, स्वतःला वाचवणारे एक, शत्रूला थांबवणारे एक. शहराबाहेरच्या सरावाच्या बाहुल्यावर पंधरा मिनिटे मारा करावा, मग दोन नवी चढवावीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन-चार संध्याकाळी जातात, परंतु हात खरोखर बसतो. नंतर खालच्या लेव्हलचे एखादे डंजन घ्यावे आणि सुरुवातीलाच लिहावे, ‘नमस्कार, तीन वर्षांनी परत आलो आहे, काही चुकले तर सांगा.’ माझ्या अनुभवात एवढे लिहिल्यावर लोक रागावत नाहीत, उलट थांबून दाखवतात. फायनल फँटसीत तर ४५ दिवसांहून अधिक काळ दूर राहिलेल्या खेळाडूच्या नावापुढे परतल्याची वेगळी खूण लावता येते.

पैसे देऊन थेट वरच्या लेव्हलवर जाण्याची सोय याच कारणासाठी पहिल्या महिन्यात घेऊ नये. विस्ताराबरोबर ती फुकट मिळाली असेल तरी राखून ठेवावी. लेव्हल मिळते, हात मिळत नाही.

मागचे सगळे आधी पूर्ण करू नका

राहिलेल्या तीन विस्तारांतील प्रत्येक गिअर मिळवून मगच पुढे जायचे, हा निश्चय प्रामाणिक असला तरी बहुतेक खेळांत वाया जातो, कारण नव्या विस्तारातील पहिल्याच मोहिमांत जुन्या उत्तम शस्त्राहून सरस शस्त्र मिळते. परंतु सगळे खेळ सारखे नाहीत. गिल्ड वॉर्स २ ची कमाल लेव्हल ऑगस्ट २०१२ पासून ८० च आहे आणि त्यातले असेंडेड गिअर आजही वरच्या दर्जाचे आहे. तिथे परतणाऱ्याने जुने सामान आदराने सांभाळावे आणि वेळ नव्या सवाऱ्या मिळवण्याला द्यावा. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये ऑक्टोबर २०१६ च्या वन टॅम्रिएल बदलानंतर कोणत्याही लेव्हलला जवळजवळ कुठेही जाता येते, त्यामुळे तिथे क्रमाचा आग्रहच नको. आपला खेळ यांपैकी कोणत्या जातीचा आहे हे पहिल्या दिवशी विचारून घ्यावे. मार्गदर्शक लेख किंवा व्हिडिओ पाहताना त्यावरचा पॅच क्रमांक (खेळाच्या आवृत्तीचा क्रमांक) तपासावा. तो आजच्या पॅचशी जुळत नसेल तर बाजूला ठेवावा, मग तो कितीही लोकांनी पाहिलेला असो.

माणसे आणि वेळ

गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात, जुनी नावे राखाडी (सध्या खेळात नसलेली) दिसतात, आणि ते पाहून मन खट्टू होते. फायनल फँटसीत ४५ दिवस पाऊल न टाकलेले घर पाडले जाते, आतले सामान पुढे ३५ दिवसच राखले जाते; तीन वर्षांनी आलेल्याने घराची आशा न ठेवलेली बरी. परंतु राखाडी नावांतल्या दोघा-तिघांना एक ओळ लिहावी. मला एका जुन्या साथीदाराचे उत्तर दोन महिन्यांनी आले आणि आज आम्ही पुन्हा एकत्र खेळतो.

नव्या गिल्डला हो म्हणण्यापूर्वी घड्याळ पाहावे. युरोपातील गिल्ड तिथल्या रात्री आठ वाजता रेड, म्हणजे मोठ्या गटाची ठरलेली मोहीम, ठेवते तेव्हा सोलापुरात हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. ज्याला सकाळी सातच्या पाळीला चिंचोळीच्या एमआयडीसीत पोहोचायचे आहे त्याने आठवड्यातून तीन रेडचा शब्द देऊ नये. दिला आणि पाळता आला नाही की संकोचाने माणूस लॉगिन करणेच टाळतो. गड्ड्याच्या वेळी परतलेल्या त्या दोघांपैकी एकाचे नेमके हेच झाले.

तिसरा मात्र अजून खेळतो आहे. रात्री नऊ ते दहा, आठवड्यातून चार दिवस, आणि त्याच्या हॉटबारवर अजून अकराच कौशल्ये आहेत. बँकेत टाकलेल्या जुन्या पिशव्यांपैकी पहिली त्याने गेल्या रविवारी उघडली, एकेका वस्तूचे वर्णन वाचत.