पॉडकास्ट सुरू करताय? आधी तीन भाग हाताशी ठेवा

माइक घेण्याआधी दहा भागांचे विषय कागदावर उतरवा. पाचव्यालाच अडलात तर विषय तोकडा आहे, बदला. स्टुडिओची गरज नाही. पंखा बंद करा, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा आणि त्याच्यासमोर बसून बोला. कपडे आवाज शोषतात, खोली घुमत नाही. (कुकरच्या शिट्ट्यांचं मात्र घरच्यांशी आधीच ठरवून घ्या.) संपादनासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. आवाजाची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो, ते मोजायचं एकक) आसपास ठेवा, ॲपलची शिफारस तीच आहे. कव्हर चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. मोबाइलवर नखाएवढं दिसलं तरी नाव वाचता यायला हवं. ॲपल नवा पॉडकास्ट तपासूनच घेतं, म्हणून पहिले तीन भाग तयार ठेवा आणि आरएसएस फीड (तुमचे भाग ॲप्सपर्यंत पोहोचवणारी लिंक) जाहीर तारखेच्या आठवडाभर आधी त्यांच्याकडे नोंदवा.