युरोपची ग्रुप टूर घेताय? आधी कागद नीट वाचा, मग पाय तयार करा

मागच्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन युरोपची ग्रुप टूर करून आले, रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि प्राग, आणि तेव्हापासून ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत लिफ्टमधे कोणी ना कोणी विचारतंच की कोणती टूर घेऊ, आईला झेपेल का, किती आधी तयारी करायची. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

सगळ्यात आधी देश मोजणं सोडा. १२ दिवसात ९ देश असं वाचून भारी वाटतं पण त्यात निम्मा वेळ बसमधे जातो. मोजायच्या त्या रात्री, कुठल्या शहरात किती रात्री आणि हॉटेल नक्की कुठे. आमच्या आयटिनररीत "फ्लोरेन्स परिसर" असं छापलं होतं, आम्ही समजलो शहरातच असेल, प्रत्यक्षात हॉटेल इतकं लांब होतं की संध्याकाळी परत जुन्या गावात जाताच आलं नाही, आणि बाबांना तिथल्या मोठ्या चर्चचा घुमट रात्रीच्या दिव्यात बघायचा होता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, बुकिंगच्या आधी हॉटेलची नावं मागा, फायनल नसतील तर निदान मागच्या ग्रुपची मागा, आणि मॅपवर अंतर बघा.

दुसरं म्हणजे शब्द बघा. "आतून" लिहिलंय की "बाहेरून", की नुसतं "ओरिएंटेशन टूर". ओरिएंटेशन म्हणजे बसच्या काचेतून किंवा उभ्या उभ्या दर्शन. रोमचं कोलोसियम आतून बघायचं असेल तर तिकीट टूरमधे आहे का ते लेखी विचारा, आणि तिथलं तिकीट नावावर असतं म्हणून नाव पासपोर्टप्रमाणेच द्या. मग प्रत्येक तारखेसमोर वार लिहा. हे कोणी करत नाही आणि मग हळहळतात. पॅरिसचं लूव्र म्युझियम मंगळवारी बंद, फ्लोरेन्सचं उफिझी म्युझियम सोमवारी बंद, व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद (फक्त महिन्याचा शेवटचा रविवार सोडून), आणि बुधवारी सकाळी पोप रोममधे असले तर त्यांची जाहीर भेट असते, तेव्हा सेंट पीटर्सचा, म्हणजे व्हॅटिकनच्या मोठ्या चर्चचा प्लॅन हलतो.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, मे-जूनला जायचं असेल तर अपॉइंटमेंटसाठी शक्य तितक्या लवकर लागा. ज्या देशात जास्त रात्री त्याचा व्हिसा, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिला शिरकाव त्याचा. पासपोर्ट १० वर्षाच्या आत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा हवा, इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा. आईबाबांच्या बीपी-शुगरचं इन्शुरन्सच्या फॉर्मवर खरं खरं लिहा, लपवू नका प्लीज.

आता पाय. यावर मी जास्त लिहिणारे कारण खरी टूर पायांवरच असते. इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी गाड्यांना बंदी असते, मोठी बस तर जातच नाही, ती लांब सोडते आणि पुढे सगळं चालत. व्हेनिसला बस त्रोंकेत्तो या पार्किंगच्या बेटापर्यंत, पुढे बोट, पुढे परत चालणं आणि पुलांच्या पायऱ्या. रस्ते दगडी, खाचखळग्यांचे, नवीन बुटांनी पाय सोलून निघतात. आम्ही दोन महिने आधीपासून रोज संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारल्या, शनिवारी उपवनपर्यंत चालत, आणि शेवटचे ३ रविवार येऊरचा चढ, टूरला जे बूट घालणार तेच घालून. आईचे गुडघे दुखतात तरी तिने रोममधे पूर्ण दिवस काढला. पण चढायचं काय आणि सोडायचं काय ते घरीच ठरवा, फ्लोरेन्सच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, आई खाली चौकात बसली, आम्ही दोघं वर गेलो, कोणालाच वाईट वाटलं नाही.

बस वेळेवर का सुटते हेही समजून घ्या. युरोपात ड्रायव्हरने साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती घ्यायलाच लागते, दिवसाला साधारण ९ तासच ड्रायव्हिंग, सगळं मशीनमधे नोंदलं जातं. तुम्ही शॉपिंगमधे २० मिनिटं उशीर केलात तर ती २० मिनिटं पुढच्या शहरातून कापली जातात, सगळ्यांची.

जायच्या आधी प्रत्येक शहराची एकच गोष्ट पाठ करा, जास्त नको. मी आईबाबांसाठी आपल्याकडच्या सालांशी जोडून चिठ्ठ्या केल्या होत्या. १६८३ ला व्हिएन्नाला ऑटोमन (तुर्की) सैन्याचा वेढा पडला, त्याच वर्षी इकडे संभाजी महाराज पोर्तुगीजांशी लढत होते. मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलचं छत १५१२ ला पूर्ण केलं, त्याच्या २ वर्ष आधी पोर्तुगीजांनी गोवा घेतलं होतं. बुडापेस्टचा साखळी पूल १८४९ चा, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्याच्या ४ वर्ष आधीचा, हे ऐकून बाबा त्या पुलावर इतका वेळ उभे राहिले की फोटो काढायचंही विसरले. रोमच्या पँथिऑन या जुन्या देवळात गेलात की मधोमध उभे राहून वर बघा, घुमटाची रुंदी आणि जमिनीपासूनची उंची सारखीच, ४३ मीटरच्या थोडी वर, लोखंडाच्या सळईशिवाय काँक्रीटमधे, आणि १,९०० वर्ष उभा. वरचं भोक उघडं आहे, पाऊस आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. गाईडने हे दोन मिनिटात सांगितलं, आधी माहीत होतं म्हणून आम्हाला नीट कळलं. लोकल गाईड कानातल्या मशीनमधून बोलत असतो, त्याच्या जवळ रहा, रेंज गेली की खरखर ऐकू येते.

बॅगेत एक पातळ ओढणी किंवा स्टोल ठेवाच, सेंट पीटर्समधे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पुरुषांनाही हाफ पँट चालत नाही. रोममधे पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या लोखंडी नळांना स्वच्छ थंड पिण्याचं पाणी असतं, बाटली भरा. टॉयलेटला खूप ठिकाणी पैसे पडतात, ५० सेंट आणि १ युरोची नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा. हंगेरीत फोरिंट आणि चेक देशात कोरुना, तिथे कार्डच वापरा, आणि मशीनने रुपयात कापू का विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात घ्या, रुपयात घेतलं की रेट महाग लागतो. खायला चिवडा, ठेपले, शेंगदाण्याची चटणी न्या, पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमधे न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे-बर्फी घरीच.

पाकीटमार खरंच असतात. प्रागचं १४१० चं घड्याळ तासाला वाजतं तेव्हा सगळे माना वर करून बघतात, चोरांना तेच हवं असतं. पासपोर्ट कपड्याच्या आत, मोबाईल हातात नाही तर चेनच्या खिशात. इमर्जन्सी नंबर सगळीकडे ११२. आईबाबांच्या पर्समधे हॉटेलचं कार्ड आणि टूर मॅनेजरचा नंबर कागदावर लिहून द्या, मोबाईल बंद पडला तर उपयोगी पडतो.

आणि एक दिवस सकाळी लवकर उठा. प्रागला आमचं हॉटेल ट्रामच्या जवळ होतं, ब्रेकफास्ट ७ ला, आम्ही साडेपाचला टूर मॅनेजरला मेसेज करून निघालो आणि चार्ल्स ब्रिजवर गेलो, १३५७ ला बांधायला घेतलेला पूल, दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा आम्ही तिघं, एक कुत्रा फिरवणारा माणूस आणि खाली नदीचा आवाज. सव्वासातला परत आलो, चहा पिऊन बसमधे वेळेवर बसलो.