एनसीएलएटीचा निकाल आधाराला घेण्यापूर्वी

दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली. पण तिच्यातल्या बऱ्याच कलमांना रोजच्या वापरातला अर्थ दिला तो राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलएटीने. त्यामुळे दिवाळखोरीच्या अर्जात कलमासोबत निकाल जोडावाच लागतो आणि चूक नेमकी इथेच होते. सोयीचा निकाल सापडतो, जोडला जातो, आणि तो सुप्रीम कोर्टात केव्हाच रद्द झाल्याचं सुनावणीत समजतं.

म्हणून आधी निकालाचं पुढे काय झालं ते शोधा. कलम ६२ खाली सुप्रीम कोर्टात जायला ४५ दिवस मिळतात, पुरेसं कारण असेल तर आणखी १५. तेवढा काळ उलटेपर्यंत निकाल कच्चाच धरावा. नंतरही पक्षकारांच्या नावाने शोध घ्या. अपील प्रलंबित असेल तर स्थगिती आहे का ते पाहा.

एस्सार स्टीलचं उदाहरण कायम ध्यानात ठेवावं. ४ जुलै २०१९ ला एनसीएलएटीने बँका आणि माल-सेवा पुरवणारे ऑपरेशनल क्रेडिटर यांना सारख्याच प्रमाणात, थकबाकीच्या सुमारे ६०.७ टक्के, वाटा दिला. ऑगस्टमध्ये संसदेने तोडगा योजनेबद्दलचं कलम ३० बदललं आणि १५ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. वाटप ठरवणं हे कर्जदात्यांच्या समितीचं काम, असं कोर्टाने सांगितलं. म्हणजे कलमात दुरुस्ती कधी झाली आणि निकाल तिच्या आधीचा की नंतरचा, हेही ताडून पाहावं लागतं.

पीठात किती सदस्य होते ते पाहा. मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठावर बंधनकारक असतो, पण म्हणून तो सुप्रीम कोर्टात टिकतोच असं नाही. कंपनीच्या ताळेबंदातली कर्जाची नोंद ही त्या कर्जाची कबुली नाही, असं पाच सदस्यांच्या पीठाने पद्मकुमार प्रकरणात मार्च २०२० मध्ये ठरवलं. कबुली नाही म्हणजे अर्ज करण्याची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होत नाही. बँकांचे अर्ज त्यावर अडत होते. पुढे तीन सदस्यांच्या पीठाने त्यावर शंका घेतली, तरी निकाल हलला नाही. अखेर एप्रिल २०२१ मध्ये बिशाल जयस्वाल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तो मोडला. नोंद कबुली ठरू शकते, मात्र तिच्यासोबतच्या टिपा आणि लेखापरीक्षकाचा अहवाल वाचूनच. जुना ताळेबंद जोडताना या टिपांची पानं गाळू नका. कर्ज मान्य नसल्याचं कंपनीने तिथेच लिहिलेलं असू शकतं.

सारांशावर कधीच विसंबू नका. निकालातला नेमका प्रश्न कोणता, कोणत्या कलमाचा, आणि तुमच्या प्रकरणात ती वस्तुस्थिती आहे का, हे मूळ परिच्छेदातूनच ठरतं.

खालच्या न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, आदेशाविरुद्ध स्वतःला एनसीएलएटीकडे अपील करायचं असेल तर कलम ६१ ची मुदत ३० दिवसांची आहे. पुरेसं कारण दाखवल्यास फक्त १५ दिवस वाढतात; ४६ व्या दिवशी दार बंद. एसकेएस इस्पात प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की मुदत आदेश सुनावल्यापासून मोजायची, मोफत प्रत हाती पडल्यापासून नाही. प्रमाणित प्रतीसाठी ३० दिवसांच्या आत अर्ज केला असेल, तरच ती तयार व्हायला लागलेले दिवस वगळले जातात. आदेश सुनावला त्याच दिवशी हा अर्ज द्या आणि पोचपावती जपून ठेवा.