ऑफर लेटरमधले ईसॉप: सही करण्याआधी हिशेब कसा मांडायचा

ऑफरमध्ये एक ओळ असते: ‘२,४०० ईसॉप, मूल्य १९ लाख २० हजार रुपये’. कंपनीने शेवटच्या राउंडचा (गुंतवणूकदारांकडून पैसे उभारले त्या वेळचा) शेअरभाव, समजा ८०० रुपये, घेऊन २,४०० ने गुणलेला असतो. तुमच्या बँक खात्यात पुढे काय येईल हे या गुणाकारातून अजिबात कळत नाही. ते कळायला पाच-सहा आकडे लागतात. ते कंपनीकडून मागून घ्यावे लागतात आणि गूगल शीटमध्ये अर्ध्या तासात मांडता येतात. पुढचं सगळं भारतात नोंदलेल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला लागू आहे. (कंपनी एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, असेल तर तिला शेअरच नसतात, मग ईसॉप कसले? तिथे दुसरंच काहीतरी देत असतील, ते नीट विचारा.)

ईसॉप म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा तो हक्क, म्हणजे ऑप्शन, आहे. तो वापरून, म्हणजे एक्सरसाइज करून, शेअर तुमच्या नावावर होईपर्यंत लाभांश नाही आणि मतही नाही. आणि तोंडी ‘देऊ’ म्हटलेलं ग्रँट, म्हणजे ऑप्शन प्रत्यक्ष देणं, नसतं. ग्रँट लेटर हातात येतं तेव्हाच ग्रँट होते.

एचआरला कोणते आकडे मागायचे

सगळ्यात आधी फुली डायल्यूटेड शेअर किती, हे विचारा. यात फाउंडरांचे शेअर, गुंतवणूकदारांचे प्रेफरन्स (परताव्यात अग्रक्रम असलेले) शेअर इक्विटीत, म्हणजे साध्या शेअरांत, बदलून धरलेले, आणि ईसॉपचा सगळा पूल (कर्मचाऱ्यांसाठी राखलेला साठा), वाटलेला आणि न वाटलेलाही, येतो. हा आकडा नसेल तर २,४०० ला काही अर्थ नाही. १२,५०,००० पैकी २,४०० म्हणजे ०.१९२ टक्के, सव्वा कोटीपैकी २,४०० म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. ‘ते गोपनीय आहे’ असं उत्तर आलं, तर निदान टक्केवारी मेलवर लिहून मागा. तेही देत नसतील तर या ईसॉपची किंमत शून्य धरून फक्त रोख पगारावर निर्णय घ्या.

थोडी पडताळणी घरबसल्या करता येते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या मूलभूत माहितीत भरणा झालेलं भांडवल दिसतं. त्याला शेअरच्या दर्शनी मूल्याने भागलं की वाटप झालेले शेअर निघतात. भांडवल १ कोटी १२ लाख ५० हजार आणि दर्शनी मूल्य १० रुपये असेल, तर ११,२५,००० शेअर. त्यात १,२५,००० चा पूल मिळवला की साडेबारा लाख, म्हणजे एचआरचा आकडा जुळला. इक्विटी आणि प्रेफरन्सचं दर्शनी मूल्य वेगवेगळं असेल तर हे गणित असं सरळ बसत नाही. तेव्हा थोडं शुल्क भरून शेअरवाटपाचा फॉर्म, पास-३, उघडून बघावा लागतो.

दुसरा आकडा एक्सरसाइज प्राइसचा, म्हणजे ज्या ठरलेल्या भावाने तुम्ही शेअर घ्याल त्याचा. भारतात शेअर दर्शनी मूल्याच्या खाली देता येत नाही, म्हणून कर्मचाऱ्यांना सांभाळणाऱ्या कंपन्या बहुतेक १ किंवा १० रुपयेच ठेवतात. ही किंमत राउंडच्या भावाजवळ असेल, तर १९ लाख २० हजारांतून ती वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ७०० रुपये एक्सरसाइज प्राइस असेल तर तुमच्या पदरी प्रत्येक ऑप्शनमागे १०० रुपयेच आहेत.

तिसरी गोष्ट तारीख. ऑप्शन टप्प्याटप्प्याने तुमचे होतात, त्याला व्हेस्टिंग म्हणतात. सर्वसाधारण वेळापत्रक चार वर्षांचं आणि पहिल्या वर्षाला क्लिफ (त्याआधी काहीच मिळत नाही) असं असतं: २,४०० पैकी ६०० बारा महिन्यांनी, मग ३६ महिने दरमहा ५०. पण कायद्याने ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यांच्यात किमान एक वर्ष हवं, आणि ते वर्ष ग्रँटपासून मोजतात, रुजू झाल्याच्या दिवसापासून नव्हे. बोर्डाची बैठक लांबली, ग्रँट लेटर पाच महिन्यांनी आलं, की क्लिफ सतराव्या महिन्यावर गेला. सोळाव्या महिन्यात नोकरी सोडली तर हातात काहीच नाही. म्हणून ग्रँट लेटर किती दिवसांत मिळेल हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या आणि रुजू झाल्यावर त्याचा पाठपुरावा करा.

मग स्कीमची पूर्ण प्रत मागा. ग्रँट लेटर दोन पानांचं असतं. खरे नियम स्कीममध्ये असतात. त्यात चार जागा शोधा. नोकरी सोडल्यावर व्हेस्ट झालेले ऑप्शन किती दिवसांत एक्सरसाइज करायचे: ३० दिवस, ९० दिवस की काही वर्षं? ही मुदत कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे ‘कायदाच तसा आहे’ हे उत्तर मान्य करू नका. दुसरी जागा, ‘कॉज’ची व्याख्या: कोणत्या कारणाने काढलं तर व्हेस्ट झालेलेही जातात? स्पर्धक कंपनीत जाणं त्यात घातलं असेल तर ते फार महाग कलम आहे. तिसरी, बोनस शेअर आणि स्प्लिट. राउंडच्या आधी एकास नव्व्याण्णव असा बोनस दिला आणि तुमच्या ऑप्शनांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही, तर तुमचा हिस्सा शंभरावा भाग होऊन बसतो. स्कीममध्ये संख्या जुळवून देण्याचं कलम स्पष्ट हवं. चौथी, कंपनी विकली गेली तर न व्हेस्ट झालेल्या ऑप्शनांचं काय.

कागदावर ‘फँटम’ किंवा ‘एसएआर’ (शेअरच्या भाववाढीवरचा हक्क) असे शब्द दिसले आणि ते रोखीत चुकते होणार असतील, तर तिथे शेअर कधीच मिळत नाही, फक्त ठरलेल्या प्रसंगी रोख रक्कम मिळते. त्यावर पगारासारखा कर लागतो. हे वाईटच असं नाही, उलट कर भरायची वेळ येते तेव्हा हातात पैसे असतात. पण कोणता प्रसंग घडला की पैसे मिळतील, हे वाचूनच सही करा.

शीट: पुढचा राउंड

पहिल्या ओळीत आजची स्थिती: एकूण १२,५०,००० शेअर, तुमचे २,४००, हिस्सा ०.१९२ टक्के. आता समजा कंपनी २०० कोटी प्री-मनीवर (नवे पैसे येण्याआधीच्या मूल्यावर) ५० कोटी उभारते. शेअरचा भाव म्हणजे प्री-मनी भागिले सध्याचे शेअर, १,६०० रुपये. नवे शेअर म्हणजे ५० कोटी भागिले १,६००, अर्थात ३,१२,५००. एकूण १५,६२,५००, तुमचा हिस्सा ०.१५४ टक्के.

गुंतवणूकदार बहुतेक वेळा राउंडच्या आधी पूल वाढवायला सांगतात, आणि ती वाढ प्री-मनीतच धरली जाते. १,२५,००० ऑप्शन वाढवले तर भागाकार १३,७५,००० ने होतो, भाव सुमारे १,४५५ रुपयांवर येतो, नवे शेअर ३,४३,७५० लागतात आणि तुमचा हिस्सा ०.१४ टक्क्यांपर्यंत उतरतो. शीटमध्ये पूलवाढीसाठी वेगळा रकाना ठेवा. हाच रकाना लोक विसरतात.

टक्का घटला म्हणून घाबरू नका. ०.१९२ टक्के असताना ८०० रुपयांचा भाव होता, ०.१४ टक्के झाले तेव्हा १,४५५ चा आहे. टक्का घटणं हे वाढत्या कंपनीत व्हायचंच. काळजी करायची ती भाव आधीपेक्षा खाली गेला तर.

नोकरी सोडताना खिशातून किती जातात

ऑफर घेताना हा हिशेब बहुतेक जण करत नाहीत आणि सोडण्याच्या महिन्यात घाईघाईने करतात. तो आजच करून ठेवावा.

तिसाव्या महिन्यात तुम्ही नोकरी सोडताय असं धरा. व्हेस्ट झालेले: ६०० अधिक १८ गुणिले ५०, म्हणजे १,५००. एक्सरसाइज प्राइस १० रुपये, तर शेअरचे १५,००० रुपये. इथवर सोपं वाटतं. पण एक्सरसाइजच्या दिवशी शेअरचं जे बाजारमूल्य असेल त्यातून तुमची किंमत वजा करून उरलेली रक्कम पगारातलं उत्पन्न धरली जाते. अनलिस्टेड कंपनीत हे मूल्य नोंदणीकृत मर्चंट बँकर ठरवतो, आणि त्याचं मूल्यांकन एक्सरसाइजच्या आधी १८० दिवसांहून जुनं चालत नाही. राउंडचा ८०० रुपयांचा भाव प्रेफरन्स शेअरचा असतो, त्यामुळे इक्विटीचं मूल्य त्याहून कमी निघू शकतं. समजा ५०० निघालं.

उत्पन्न: ४९० गुणिले १,५००, म्हणजे ७,३५,०००. तुम्ही आधीच ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ४ टक्के उपकर धरून ३१.२ टक्के, म्हणजे २,२९,३२० रुपये कर. शेअरचे पैसे मिळवून एकूण २,४४,३२० रुपये तुमच्या खिशातून जातात, आणि त्या बदल्यात जे शेअर मिळतात ते दुसऱ्या दिवशी विकता येत नाहीत. हा कर कंपनी टीडीएस म्हणून कापते; शेवटचा पगार पुरला नाही तर वाटपाआधी तुम्हाला कंपनीकडे रक्कम भरावी लागते. स्कीममध्ये मुदत ३० दिवसांची असेल तर तीस दिवसांत अडीच लाख उभे करा, नाहीतर ऑप्शन गेले.

‘स्टार्टअपला करसवलत आहे ना?’ असं हमखास सांगितलं जातं. कर पुढे ढकलण्याची सोय २०२० च्या अर्थसंकल्पापासून आहे, पण नुसती डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग-प्रोत्साहन विभागाची) मान्यता त्याला पुरत नाही. आंतरमंत्रालयीन मंडळाचं पात्रता-प्रमाणपत्र लागतं, आणि ते मान्यताप्राप्त स्टार्टअपांपैकी थोड्यांकडेच आहे. शिवाय ढकललेला कर तीनपैकी जे आधी घडेल त्यानंतर १४ दिवसांत देय होतो: एक्सरसाइजचं आर्थिक वर्ष संपून पाच वर्षं, शेअरची विक्री, किंवा नोकरी सोडणं. म्हणजे सोडणाऱ्याला या सोयीचा उपयोग जवळपास नाही. नोकरीत राहून दरवर्षी थोडे-थोडे एक्सरसाइज करणाऱ्याला आहे.

आता याच १,५०० शेअरचं पुढे काय होऊ शकतं ते बघा. गुंतवणूकदारांनी दोन राउंडमध्ये मिळून ५ आणि २० असे २५ कोटी घातलेत, त्यांचा हिस्सा ३० टक्के, आणि करारात एक पट लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे विक्रीत आधी आपली गुंतवणूक काढून घेण्याचा हक्क, आहे. पुढचा राउंड झालाच नाही आणि कंपनी ४० कोटींना विकली गेली. ३० टक्क्यांनी त्यांना १२ कोटी मिळाले असते, म्हणून ते आधी आपले २५ कोटी काढून घेतात. उरले १५ कोटी, आणि ते ८,७५,००० शेअरांत वाटले जातात. दर शेअरला सुमारे १७१ रुपये. तुम्हाला मिळाले २,५७,१४३.

कंपनीच्या ईसॉप डॅशबोर्डवर राउंडच्या भावाने हेच शेअर १२ लाखांचे दिसत होते. तुम्ही भरले २,४४,३२०. भरलेला कर परत मिळत नाही. करापुरती तुमची खरेदीकिंमत ५०० धरली जाते, त्यामुळे जवळपास ४ लाख ९३ हजारांचा भांडवली तोटा दिसतो. पण तो पगारातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून, आणि आठ वर्षं पुढे नेता येतो. त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं.

म्हणून शीटमध्ये विक्रीकिंमतीचे तीन-चार रकाने ठेवा: गुंतवलेल्या रकमेइतकी, दुप्पट, शेवटच्या मूल्यांकनाइतकी, त्याच्या तिप्पट. प्रत्येकात आधी प्रेफरन्स वजा करा. एचआरला विचारायचा प्रश्न एवढाच: ‘आजवर एकूण किती गुंतवणूक आली आहे, आणि प्रेफरन्स एक पट नॉन-पार्टिसिपेटिंग आहे का?’ पार्टिसिपेटिंग असेल तर गुंतवणूकदार आधी आपली रक्कम घेतात आणि मग उरलेल्यातही वाटा घेतात; आपल्या उदाहरणात तुमचा भाव १२० रुपयांवर येतो.

एक्सरसाइज करायचंच ठरलं तर

आधी डीमॅट खातं. छोट्या कंपन्या वगळता प्रायव्हेट कंपन्यांनाही आता नवे शेअर डीमॅटमध्येच द्यावे लागतात. पॅन, डीपी आयडी आणि क्लायंट आयडी कंपनीला कळवा. अर्ज, बँकेतून भरलेली रक्कम, मूल्यांकन अहवालाची तारीख आणि वाटपाचा बोर्ड ठराव, या सगळ्याच्या प्रती ठेवा. मूल्यांकन कधीचं आहे हे आधी विचारा: राउंड नुकताच होऊन जुना अहवाल अजून १८० दिवसांच्या आत असेल, तर नव्या अहवालाची वाट बघून तुमचा कर वाढण्याचीच शक्यता जास्त.

त्या वर्षापासून आयटीआर-१ बंद. अनलिस्टेड शेअर ज्यांच्या नावावर आहेत त्यांना आयटीआर-२ किंवा लागू असेल तो पुढचा फॉर्म भरून शेअरचा तपशील द्यावा लागतो. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकले तर नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी विकले तर तुमच्या टप्प्यानुसार. कंपनी लिस्ट झाल्यावर बाजारात विकलेत तर ही मुदत १२ महिन्यांची.

तुमची नोकरी पुण्यातली पण ऑप्शन डेलावेअरमधल्या किंवा सिंगापूरमधल्या होल्डिंग कंपनीचे, असं असेल तर पगारातला कर इथलाच लागतो. वर शेअर मिळाल्यावर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचं. ते आर्थिक नव्हे तर कॅलेंडर वर्षावर असतं, आणि न भरल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. इथे सीएला फी देणं स्वस्त पडतं.

ग्रँट लेटर, स्कीम, दर वर्षीचं व्हेस्टिंगचं पत्रक, एचआरचे मेल, हे सगळं मिळेल तसं पीडीएफ करून स्वतःच्या ड्राइव्हवर टाका, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा मेल आणि डॅशबोर्डचं लॉगिन दोन्ही बंद होतात. वारसाचं नाव कंपनीकडे लेखी द्या आणि घरातल्या एकाला ही फाइल कुठे आहे ते सांगा: कर्मचाऱ्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर दिलेले सगळे ऑप्शन, व्हेस्ट न झालेलेही, कायद्याने वारसाकडे जातात, पण ते मागायला ते आहेत हे घरी माहीत असावं लागतं.